सांडपाण्यातील तेल आणि संवाहक बहुवारिक संमिश्रे

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील यंत्रशाळांत धातू कापताना हत्यारावर दुधासारखा पांढरा द्रव सोडतात. कामगार त्यास ‘कूलंट’ म्हणतात. पायसीकारकाच्या साहाय्याने तेलाचे सूक्ष्म बिंदू पाण्यात विखुरलेले ठेवलेले हे पायस होय. निकामी झालेला हा द्रव शुद्धीकरणावाचून नाल्यात गेला, तर अखेर पवनेस वा इंद्रायणीस मिळतो. आणि इंद्रायणीच्या काठी पुढे आळंदी आहे. नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीज लिटरला 10 मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा दंडक पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 यांच्या अनुसूचीत आहे. हे मोजण्याची एक रूढ रीत अशी : नमुना आम्लयुक्त करावयाचा, विद्रावकाने तेल काढून घ्यावयाचे, विद्रावक उडवून अवशेष तोलावयाचा. रीत भरवशाची खरी. परंतु उत्तर हाती येईतो ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते.

संवाहक बहुवारिक संमिश्राकडे लक्ष जाते ते यामुळे. सिलिकोन रबरासारख्या विद्युत्‌रोधी बहुवारिकात काजळीचे कण मिसळीत गेल्यास एका विशिष्ट प्रमाणापर्यंत संमिश्र विद्युत्‌रोधीच राहते. ती सीमा ओलांडताच कणांच्या सलग साखळ्या बनतात व रोध एकाएकी अनेक पटींनी घटतो. या सीमेच्या किंचित वर राखलेला पातळ थर अत्यंत संवेदनशील असतो. रबर पाणी जवळजवळ शोषीत नाही. तेल मात्र त्यात शिरते, थर फुगतो, साखळ्या तुटतात आणि रोध वाढतो. (पॉलिअॅनिलीनसारखी स्वभावतःच संवाहक असणारी बहुवारिके वेगळी, विद्यार्थ्यांनी दोहोंची गल्लत करू नये.)

खरी अडचण पुढेच आहे. रॉकेल वा डिझेल थरात लवकर मुरते. वंगणतेलाचे मोठे रेणू सावकाश शिरतात. त्यातच कूलंटमधील प्रत्येक तेलबिंदूभोवती पायसीकारकाचे वेष्टन असल्याने बिंदू थरास सहजासहजी चिकटत नाही. पाण्यावरील तवंग अचूक ओळखणारा संवेदक या पट्ट्यातील सांडपाण्यापुढे फसावयाचा, तो इथे. यास्तव पाणी थरापर्यंत पोचण्यापूर्वीच, सामान्यतः आम्ल घालून, पायस फोडावे लागते. तापमान वाढल्यानेही रबर प्रसरण पावून रोध बदलतो. तेव्हा तेलापासून बंदिस्त ठेवलेला जुळा थर व्हीट्स्टन सेतूच्या लगतच्या भुजेत जोडणे इष्ट.

इतके करूनही 10 मिलिग्रॅमचा निवाडा अशा संवेदकावर सोपविणे धाडसाचे होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शोषलेले तेल थरातून लवकर निघत नाही व कालचे तेल आजच्या मापनात उतरते. मात्र शुद्धीकरण टाकीच्या निर्गम नळावर तो बसविला, तर रोध झपाट्याने चढू लागताच झडप मिटता येते आणि तोलण्यासाठी नमुना त्याच क्षणी काढून ठेवता येतो.