दुबईहून घरी परतताना

आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान दुबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परतले. मालकाने काढलेला विमा नोकरीबरोबर संपला. इथे नवा खासगी विमा घेतला, तर जुन्या मधुमेहासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून परतण्याआधीच चौकशी करा, आजार लपवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण दवाखान्यात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांना नाहीत. रेशनकार्ड आधी काढून बघा. यांचं नावच कमी झालेलं!

आणि सुट्टीचं? तिथे त्यांना आठवड्याची सुट्टी ठरलेली. इथे ते निवांत, ताईंचा चहा मात्र दिवसाला सहा वेळा. बचतीच्या बैठकीलाही येईनात. मग आम्ही बैठक त्यांच्याच ओटीवर घेतली. त्या दिवशी चहा यजमानांनी केला.