तीन सुया की पाच?

अंधेरी पश्चिमेला, मेट्रोपासून हाकेच्या अंतरावरच्या एका खोलीत हाताने गोंदायचं काम चालतं. मशीनची घरघर नाही. पंखा, खालच्या रिक्षांचे हॉर्न, आणि कान देऊन ऐकलं तर सुई कातडीतून बाहेर येताना होणारा बारीकसा 'टक्'. प्रत्येक ठिपक्याला एक. पाच रुपयांच्या नाण्याएवढी तुळस काढायची तरी असे शेकडो ठिपके द्यावे लागतात आणि तास सहज जातो.

गोंदणाऱ्या मुलीच्या टेबलावर आधी येतं सुईचं पाकीट, पण ते लगेच फोडलं जात नाही. त्याची एक बाजू कागदाची, दुसरी पारदर्शक प्लास्टिकची. पारदर्शक बाजूने ती भिंग लावून टोकं बघते. एखादं टोक वाकून आकडा झालेलं असेल, तर ते कातडीला टोचण्याऐवजी ओरबाडतं. मग बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि रंग बदलणारा छोटा ठिपका. या सुया कारखान्यात एथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्या जातात आणि तो वायू कागदाच्या बाजूने आत शिरतो. ठिपक्याचा रंग बदललेला असला, तर पाकिटाला वायू लागला एवढंच कळतं. ते नंतर कुठे पडून होतं, हे ठिपका सांगत नाही. मुंबईत जुलैमध्ये भिंतींना ओल येते, कपाटातल्या कागदांना वास येतो. ओल लागलेलं पाकीट मुदतीतलं असलं तरी बाद. म्हणून तिची पाकिटं खिडकीपासून दूर, हवाबंद डब्यात असतात.

पाकिटावर छापलेलं असतं '१२०५ आरएल' किंवा '०८०३ आरएल'. पहिले दोन आकडे एकेका सुईची जाडी सांगतात: १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, ०८ म्हणजे ०.२५. पुढचे दोन आकडे म्हणजे दांडीच्या टोकाला अशा किती सुया डाग देऊन जोडल्यात ते. 'आरएल' म्हणजे राउंड लायनर, गोलात घट्ट बांधलेल्या, टोकं एकवटलेल्या सुया. 'आरएस' म्हणजे राउंड शेडर. यात त्याच सुया जरा सैल, एकमेकींपासून सुटलेल्या.

एकटी सुई नाजूक रेघ देईल, म्हणून नवशिक्यांना तिचा मोह पडतो. पण गुळगुळीत एकट्या सुईवर शाई फारशी टिकत नाही, पहिल्या टोचीतच ओघळून जाते. तीन किंवा पाच सुया जवळ आल्या की त्यांच्यामधल्या फटी शाई धरून ठेवतात, फाउंटन पेनच्या निबेची चीर धरते तशी. म्हणून मनगटावरच्या बारीक अक्षरांना तीन सुया, लांबून दिसायला हव्या अशा रेघेला पाच किंवा सात, भरीव काळ्या जागेला नऊ किंवा जास्त. टोकाचा निमुळता भाग लांब असला तर भोक लहान पडतं आणि शाई हळू उतरते. आखूड असला तर उलट. तिचा हात बहुतेक वेळा पाचकडेच जातो. ज्याला एकाच सुईने सगळं करायचंय त्याच्यासाठी हीच निवड शहाणपणाची वाटते, कारण तीनच्या सुईने भरीव काम करायला गेलं की त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचलं जातं आणि कातडी चिघळते.

अंदाज खरा लागतो तो खोलीचा. वरची कातडी सतत झडते, त्यामुळे तिच्यात ठेवलेली शाई महिन्याभरात निघून जाते. फार खोल, चरबीपर्यंत गेली की ती पसरते आणि रेघेभोवती निळसर डाग उमटतो. जागा या दोहोंच्या मधली, साधारण एक ते दोन मिलिमीटर. शाई तिथे का टिकते, हे मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं. मॅक्रोफेज पेशी शाईचे कण गिळून बसतात. पेशी मेली की कण सुटतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. मशीन सेकंदाला शंभरेक वेळा टोचतं आणि सुई किती बाहेर येणार ते आधी बसवता येतं. हातात तसं काही नाही. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची, सुई तिरकी धरायची आणि तो 'टक्' बोटांना कळू द्यायचा. बरगड्यांवर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी पातळ, तिथे हात हलका. बोटांवरचं काम ती सहसा घेत नाही. ते लवकर फिकटतं आणि मग गिऱ्हाइकाची नाराजी आपल्यावर येते.

सुयांची जुडी बांधायची अक्कल आपल्याकडे नवी नाही. काजळीत पाल्याचा रस कालवून, शिवणाच्या दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून गोंदणाऱ्या बायका महाराष्ट्रभर होत्या. आरे कॉलनीतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांवर जुन्या बायकांच्या हातांवर ते गोंदण दिसतं. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी आणि गुजराती आज्यांच्या हातांवर, मानेवर ठिपक्यांचं गोंदण, 'त्राजवां', असतं. मुंबईच्या शोमिल शाह या ग्राफिक डिझायनरने 'इंडिया इंक अर्काइव्ह'मधून अशा खुणांची नोंद ठेवायला घेतली. तो स्वतःही हाताने गोंदतो. विजेच्या गोंदणयंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने घेतलं १८९१ मध्ये, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं.

पण त्या परंपरेचं कौतुक करताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. तीच जुडी एकीच्या हातावरून दुसरीच्या हातावर जायची. जत्रेतल्या बॅटरीच्या मशीनवाल्याची सुईही तशीच फिरते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. इस्पितळात बाधित रुग्णाची सुई लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, हिपॅटायटिस सीची सुमारे २ टक्के, एचआयव्हीची ०.३ टक्के. म्हणजे ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो या तिघांत सर्वांत मागे, आणि जो सर्वांत पुढे त्यावर लस आहे. तीन डोस, सहा महिन्यांत. गोंदणाऱ्याने ते घेतलेले असायलाच हवेत.

घरी येणाऱ्या ऑनलाइन किटची काळजी वाटते ती इथे. 'मशीन नाही म्हणजे सोपं' असं मानून शिवणाची सुई गॅसवर तापवली जाते. ज्योतीने टोकावर काजळी बसते; स्पिरिटने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागते, आणि ते करूनही वापरलेली सुई पुन्हा वापरायचं कारण उरत नाही. नवी सुई काही महाग नसते.

सुई नवी असून भागतही नाही. शाई बाटलीतून एकदाच वापरायच्या छोट्या टोपीत काढायची, उरलेली परत ओतायची नाही. दिव्याचा दांडा, साबणपाण्याची बाटली यांना प्लास्टिकची फिल्म. हातमोजे घातल्यावर फोनला हात लागला की मोजे बदलायचे. आणि हात फोनकडे जातोच. पाण्याचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये २०११-१२ साली एकोणीस जणांच्या ताज्या टॅटूंवर मायकोबॅक्टेरियम चेलोनीचा संसर्ग झाला. कारण निघालं कारखान्यातच ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ केलेली राखाडी शाई. ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे, मग घरच्या फिल्टरचं पाणी तर सोडाच.

काम संपलं की सुईला टोपण घालायचा प्रयत्न करायचा नाही, सगळ्यात जास्त बोटं तिथेच टोचतात. ती सरळ टेबलावरच्या पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी धारदार कचऱ्यासाठी हाच रंग ठरवलाय. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या तळहातात शिरते.

गिऱ्हाइकाला निघताना सांगायच्या गोष्टी थोड्या: दोन-तीन आठवडे जुहू-अक्साच्या पाण्यात उतरायचं नाही, खपली काढायची नाही. आणि वर्षभर रक्तदान नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार गोंदवल्यानंतर बारा महिने थांबावं लागतं, सुई मशीनला लावलेली असो वा हातात धरलेली. नियमित रक्तदात्याने आधी रक्त द्यावं आणि मग पायऱ्या चढाव्यात, म्हणजे निदान तेवढी एक पिशवी तरी रक्तपेढीच्या हाती लागते.