उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो

डबीच्या तळाशी पांढरट जाळ्याची चटई आणि तिच्यावर पाय वर करून उताणं पडलेलं मुगाएवढं पिल्लू. टॅरँटुला जातीचा कोळी नुकताच पाळायला घेतलेल्या माणसाला हे दृश्य दिसलं की तो आधी डबीला टिचकी मारतो, मग काडीने ढोसून पाहतो. हालचाल झाली नाही तर पिल्लू मेलं असं समजून ते फेकूनही देतो. वास्तविक ते जिवंत असतं आणि कात टाकत असतं. त्या तासा-दोन तासांत लागलेला धक्का मात्र त्याला खरोखरच मारू शकतो.

ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांत केसाळ कोळी पाळण्याचा छंद जुना आहे. पूर्ण वाढलेली मादी महाग पडते, म्हणून नवखे बहुधा पिल्लापासूनच सुरुवात करतात. मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा कोळी किंवा मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा कोळी या त्यांच्या आवडत्या जाती. स्वभावाने शांत आणि वाढीला अतिशय संथ. मादी वीस-पंचवीस वर्षं जगते. कुत्र्यापेक्षाही जास्त काळाची ही जबाबदारी आहे, हे विकत घेताना फार थोड्यांच्या लक्षात येतं.

कोळ्याचा सांगाडा शरीराच्या बाहेर असतो आणि तो ताणला जात नाही. त्यामुळे वाढायचं तर जुनं कवच सोडण्याशिवाय इलाज नाही. कात टाकण्याआधी पिल्लू खाणं थांबवतं, त्याचं पोट चकचकीत आणि काळपट दिसू लागतं. मग ते उताणं होतं, पाठीकडचं कवच झाकणासारखं सुटतं आणि हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय बाहेर येतात. श्वसनेंद्रियांचं आणि अन्नमार्गाच्या पुढच्या भागाचं अस्तरसुद्धा कातेबरोबर निघून येतं. नव्या शरीराचे सुळे सुरुवातीला पांढरे आणि मऊ असतात. अशा वेळी डबीत जिवंत रातकिडा राहिला तर शिकार उलटते, रातकिडाच कोळ्याला कुरतडतो. म्हणून न खाल्लेलं भक्ष्य दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचं आणि सुळे काळे होईपर्यंत, म्हणजे काही दिवस तरी, खायला घालायचं नाही.

काळजी करायची ती वेगळ्याच अवस्थेत. पिल्लू सरळ आहे, पण पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले गेले आहेत, हे लक्षण वाईट. कोळ्याकडे पाय दुमडण्यासाठी स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ करायला स्नायू नसतात. तिथे शरीरातल्या द्रवाचा दाब कामाला येतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उघडतो तसा. अंगातलं पाणी आटलं की दाब पडतो आणि पाय आत ओढले जातात. लहान पिल्लाच्या अंगात पाणी थोडं, त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे ते मोठ्या कोळ्यापेक्षा फार लवकर सुकतं.

म्हणून मग नवखे लोक डबी चिंब भिजवतात. तेही वाईटच. कोंदट ओल्या डबीत बुरशी येते, बारीक किडे होतात. अनुभवी माणसं छोट्या डबीला भोकं पाडतात, तिच्यात कोकोपीट दाबून भरतात आणि एकाच बाजूला काही थेंब पाणी सोडतात. ओली बाजू हवी की कोरडी, हे पिल्लू स्वतः ठरवतं. दिव्याची ऊब देऊ नये, माती वाळते. माणसाला स्वेटर लागत नाही एवढी खोली पिल्लालाही पुरते.

खाणं आठवड्यातून एक-दोनदा, आणि भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नको. अगदी लहान पिल्लापुढे रातकिड्याची तुटकी तंगडी ठेवली तरी ते खातं. लाडाने भरपूर खाऊ घातलं की पोट फुग्यासारखं होतं, आणि असा कोळी हातातून थोड्या उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो. त्याला हातावर घेऊन फोटो काढण्यात मजा माणसाचीच असते.

माणसाला धोका दंशापेक्षा केसांचा अधिक. अमेरिका खंडातल्या अनेक जातींच्या पोटावर काटेरी केस असतात. पिल्लू काही वेळा कात टाकून मोठं झालं की ते येतात आणि चिडलेला कोळी ते मागच्या पायांनी हवेत उडवतो. २००९मध्ये इंग्लंडातल्या लीड्स शहरात २९ वर्षांचा तरुण लाल, पाणावलेला डोळा घेऊन डॉक्टरांकडे आला. प्रतिजैविकांनी गुण येत नव्हता. भिंगातून पाहिलं तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले केस दिसले. काही आठवड्यांपूर्वी पाळीव कोळ्याची काचपेटी साफ करताना ते उडाले होते. केस चिमट्याने काढता येण्याजोगे नव्हते. स्टेरॉइडच्या थेंबांवर भागवावं लागलं. ही हकिगत पुढे ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. पेटी साफ करताना चष्मा लावायचा आणि नंतर हात धुवायचे, एवढ्याने हे टळतं.

भारतीय झाडांवर राहणाऱ्या टॅरँटुलांना असे केस नाहीत, पण त्यांच्या दंशाने स्नायूंत तीव्र वांब येतात. महाराष्ट्राच्या जंगलातही असे कोळी आहेत. जंगलातून होणारी उचल हा या छंदाचा काळा भाग. आंध्र प्रदेशातल्या गुटी गावाच्या नावाने ओळखला जाणारा निळा कोळी तर जंगलात नष्ट होण्याच्या कडेवर आहे. मेक्सिकन लाल गुडघेवाला १९८५पासून, तर आपला वृक्षवासी गट २०१९पासून ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. या यादीतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्याला भारतात २०२२च्या कायदादुरुस्तीनुसार नोंदणी करावी लागते.

टाकलेली कात मात्र कोणी फेकत नाही. पिल्लू थोडं मोठं झालं की ती पाण्यात भिजवून उलगडतात आणि पोटाच्या आतल्या बाजूला, पुढच्या दोन श्वसनेंद्रियांच्या मधे, भिंगातून पाहतात. तिथे शुक्रजंतू साठवण्याच्या पिशवीचं अस्तर दिसलं तर मादी. ते नसेल तर नर, आणि नर वयात आल्यावर फार काळ जगत नाही.