शंभरचा कन्व्हर्टर की हजाराचा डॅक? ऑनलाइन सबक आणि तिलावतीसाठी काय घ्यावं

नव्या मोबाइलला हेडफोनचा गोल जॅक नसतो, हे आता घराघरांत माहीत झालं आहे. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो काढला आणि मग एकेक करत इतर कंपन्यांनीही महागड्या फोनमधून तो गायब केला. त्याच्या जागी एक तर ब्लूटूथ आलं, नाही तर दुकानात टांगलेला तो बोटभर तुकडा, ज्याच्या एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला जुना जॅक असतो. दुकानदार त्याला कन्व्हर्टर म्हणतो, ऑनलाइन विकणारे ‘डॅक’ किंवा ‘डॅक-अँप’ म्हणतात. किंमत शंभर-दीडशे रुपयांपासून पाच आकड्यांपर्यंत जाते आणि दिसायला सगळे जवळपास सारखेच.

या वस्तूबद्दल संगीताच्या शौकिनांनी पुष्कळ लिहिलं आहे. आपल्या घरांतला वापर मात्र वेगळा आहे. मुलं संध्याकाळी फोनवर कायदा आणि नाजरा शिकतात, हिफ्ज करणारा मुलगा एकेक आयत दहा-दहा वेळा ऐकतो, उस्ताद दुसऱ्या शहरात बसून त्याचा सबक ऐकतात. इथे आवाज ‘गोड’ लागतो का यापेक्षा हर्फ नीट कळतो का, हे महत्त्वाचं.

आधी हे यंत्र करतं काय? फोनमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांची वीज करणं हे डॅकचं काम, आणि त्या विजेत इअरफोन हलवण्याइतका जोर भरणं हे अँपचं. जुन्या फोनमध्ये ही दोन्ही कामं जॅकच्या मागे बसलेली चिप करायची. आता ती चिप वायरच्या टोकात आली आहे, एवढंच. मात्र अगदी स्वस्त कन्व्हर्टरमध्ये चिपच नसते, नुसत्या तारा असतात. ज्या फोनमधून टाइप-सीच्या वाटे तयार आवाज बाहेर येतो, तिथेच ते चालतात. बाकी फोनवर लावलं की काहीच होत नाही आणि आपण म्हणतो, ‘माल खराब निघाला.’ खराब नसतो, जातच वेगळी असते. ओळख सोपी आहे. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावून पाहा. आवाजाच्या सेटिंगमध्ये नवीन उपकरणाचं नाव दिसलं, तर आत चिप आहे.

मग सरळ ब्लूटूथच का नको? नुसती तिलावत ऐकायला ब्लूटूथ उत्तम चालतं. अडचण येते ती सबक देताना. ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की तो सहसा कॉलच्या मोडमध्ये जातो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही. सुधारित पद्धतीत १६,००० नमुने, म्हणजे ८,००० हर्ट्झच्या आतलंच. आता ‘सीन’ची शीळ आणि ‘सा’ची (उर्दूत ज्याला ‘से’ म्हणतात) जीभ दातांना लावून सुटणारी हवा, या दोघांतला फरक बराचसा ४,००० हर्ट्झच्या वरच राहतो. तो भाग कापला गेला की दोन्ही हर्फ एकसारखे ऐकू येतात. ‘साद’ त्यातल्या त्यात वाचतो, कारण तो पुढच्या स्वराला जड करतो आणि तो जडपणा खालच्या पट्टीत असतो. म्हणजे मुलगा चुकत असेल तर उस्तादांना ती चूक कळणार नाही, आणि उस्ताद बरोबर सांगत असतील तर मुलाला ते ऐकू येणार नाही. महिनोन्महिने असं चाललं तर मखरज कच्चाच राहतो. माइकवाला साधा वायरचा इअरफोन ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो. नेट कमजोर असेल तर ॲपही आवाज दाबतं, त्याला मात्र वायर काही करू शकत नाही.

म्हणून डॅक घेताना पहिला प्रश्न माइकचा. गंमत अशी, की महागड्या ‘हाय-फाय’ डॅकपैकी अनेकांत माइकची सोयच नसते, ते फक्त ऐकण्यासाठी बनवलेले असतात. चार-पाच हजार घालून आणलेला डॅक सबकला निकामी ठरू शकतो आणि हजाराच्या आतला काम भागवतो. दुकानात स्वतःचा फोन आणि स्वतःचा इअरफोन घेऊन जा. इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील तरच त्याला माइक आहे. मग व्हॉट्सॲपवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा आणि बोलताना इअरफोनच्या माइकवर नखाने टकटक करा. रेकॉर्डिंगमध्ये टकटक मोठ्याने आली, तर माइक चालतोय. नाही आली, तर फोन स्वतःच्याच माइकने ऐकतोय.

दुसरी तपासणी हिफ्जवाल्यांसाठी फार गरजेची, आणि खोक्यावर ती कधीच लिहिलेली नसते. वीज वाचवायला काही डॅक आवाज थांबला की झोपी जातात. पुन्हा आवाज सुरू झाला की जागे व्हायला त्यांना क्षणभर लागतो आणि तेवढा आवाज गिळला जातो. गाण्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आयत-आयत थांबून ऐकणाऱ्या ॲपमध्ये प्रत्येक आयतीचा पहिला हर्फ अर्धा कापला जातो, ‘बिस्मिल्लाह’चं ‘स्मिल्लाह’ होतं. थांबून-थांबून पाच-सहा आयती लावून पाहा. प्रत्येक सुरुवात स्वच्छ आली पाहिजे. त्याच वेळी मधल्या शांततेत सूं-सूं येते का, तेही ऐका. कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनमध्ये ती लगेच पकडली जाते.

आता खोक्यावरचे मोठे आकडे: ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ वगैरे. सीडीचा दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ आहे, आणि माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. शेख महमूद खलील अल-हुसरी यांची इजिप्तमधली संपूर्ण मुरत्तल तिलावत १९६१ची आहे. आपण ती फोनवर ऐकतो ती दाबून लहान केलेल्या एमपी३ फाइलमधून. त्या काळच्या टेपवर जे उतरलंच नाही, ते कुठलाही डॅक कुठून आणणार? वरच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे निव्वळ इसराफ.

जोर किती हवा, याचा हिशोब मात्र करता येतो. ॲपलचा टाइप-सी कन्व्हर्टर अमेरिकेत ९ डॉलरला मिळतो, आणि स्वस्त डॅकचं मोजमाप करताना त्याचंच उदाहरण बहुतेक जण घेतात, कारण तो खरोखर स्वच्छ आवाज देतो. तो जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या साध्या इअरफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात. इअरफोनवर ‘१०० डेसिबल प्रति मिलिवॅट’ लिहिलं असेल, तर आवाज ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. स्टुडिओतले ३०० ओहमचे हेडफोन असतील तरच अधिक ताकदीच्या अँपचा विचार करावा, आणि ते आपल्यापैकी किती घरांत असतात?

याच कन्व्हर्टरबाबत दोन गोष्टी माहीत असाव्यात. युरोपात विकला जाणारा मॉडेल ए२१५५ अर्धा व्होल्टच देतो, अमेरिकेतला ए२०४९ पूर्ण १ व्होल्ट. तिकडून नातेवाईक आणणार असतील तर आधी नंबर बघायला सांगा. दुसरं, अनेक अँड्रॉइड फोनवर तो फारच हळू वाजतो, कारण त्याच्या आतला व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडतच नाही. आयफोन १५ किंवा त्यानंतरचा फोन असेल तर डोळे मिटून घ्या. अँड्रॉइड असेल तर वर सांगितलेल्या चाचण्या करून माइकवाला दुसरा कुठलाही घ्या. चिप कुठल्या कंपनीची यावर डोकं खपवू नका.

ताकदवान डॅकची एक उलटी बाजूही आहे. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉल्यूमच्या १५च पायऱ्या असतात. जोरदार डॅकला नाजूक इअरफोन लावला तर पहिल्याच पायरीला आवाज मोठा होतो, त्याखाली थेट बंद. रात्री कानाला लावून झोपणाऱ्या मुलासाठी हे बरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला मोठ्या माणसाकडेही आठवड्याला चारच तास उरतात. शाळेचा ऑनलाइन वर्ग, सबक, वर गेमिंग, असे तास कसे भरत जातात ते आईबापांना कळतही नाही. मुलाचा फोन घेऊन त्याच व्हॉल्यूमवर इअरफोन एकदा स्वतःच्या कानाला लावून पाहा.

दोन डॅकमधला कुठला चांगला हे ठरवताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जरासा मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो, आणि दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. दोन-तीन हजारांचं बजेट असेल तर हजाराच्या आतबाहेर डॅक आणि बाकीचे पैसे इअरफोनवर, कारण आवाजातला खरा फरक तिथेच पडतो. शेवटची अडचण चार्जिंगची: डॅक लावला की पोर्ट अडतो आणि तो फोनचीच बॅटरी खातो. सबक मगरिबनंतर असेल तर असरलाच फोन चार्जिंगला लावा.