प्रश्नही रिजेक्ट होऊ शकतो

भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्या लॉटमधले निम्मे जॉब नापास झाले, तर शहाणा सुपरवायझर लगेच ऑपरेटरवर धावून जात नाही. तो आधी गेज मागवतो. गेज झिजलाय का, कॅलिब्रेशनची मुदत उलटलीय का, दोन इन्स्पेक्टरांनी तोच जॉब मोजला तर माप एकच येते का, हे बघतो. दोष मापनात असेल तर चांगला मालही भंगारात जातो आणि खराब माल गिऱ्हाइकाकडे पोचतो, हे त्याला ठाऊक असते. प्रश्नमंजूषेत मात्र आपण नेमके उलटे वागतो. सगळ्या संघांना एक प्रश्न चुकला, की मुलांचा अभ्यास कमी पडला असे समजून पुढचा प्रश्न वाचला जातो. प्रश्न हेही मापाचे साधन आहे, तेही झिजलेले असू शकते, ही शंका स्पर्धा भरवणाऱ्यांना सहसा येत नाही. ज्ञानस्पर्धेचा दर्जा ठरवताना बक्षिसाची रक्कम आणि संघांची संख्या बाजूला ठेवून एकच गोष्ट पाहावी, असे मला वाटते: खेळाडूला प्रश्नावर बोट ठेवण्याची सोय तिथे आहे का?

भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्याला असा विचार परका नाही. जपानमध्ये 1962 साली काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांच्या छोट्या गटांनी आपल्याच कामातल्या अडचणी सोडवण्याची, चळवळ सुरू झाली. भारतात ती 1980 मध्ये हैदराबादजवळच्या भेल कारखान्यात आली आणि 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या पुणे विभागाचे बस्तान भोसरीतच आहे. या फोरमच्या स्पर्धांत कामगारांचे गट आपल्या शॉपमधली एखादी अडचण कशी सोडवली ते मांडतात आणि परीक्षक त्यांना प्रश्न विचारतात. इशिकावांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती त्यात हमखास असते. माणूस, यंत्र, माल आणि पद्धत अशा प्रत्येक काट्यावर कारणे शोधायची. ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते’ एवढ्यावर थांबणारे विश्लेषण तिथे कच्चे समजले जाते. त्याच कामगाराची मुलगी शाळेच्या प्रश्नमंजूषेत बसते, तेव्हा नियमावलीच्या तळाशी एक ओळ असतेच: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. बापाला कारखान्यात जे विचारायला शिकवले, ते लेकीला व्यासपीठावर विचारता येत नाही.

याचे एक कारण क्विझ आपल्याकडे कशी आली यात सापडते. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी 1967 साली घेतलेल्या क्विझपासून या खेळाचा इतिहास सांगायची रीत आहे. पुढे 1972 मध्ये सुरू झालेली आणि रेडिओवर गाजलेली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट, 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा क्विझ टाइम आणि 2000 मध्ये कौन बनेगा करोडपती. घराघरात पोचलेली क्विझ ही अशी श्रोत्यांसाठी, प्रेक्षकांसाठी रचलेली होती. कार्यक्रम वेळेत संपायला हवा, मग वाद कोण घालणार? खेळाडूने उत्तर द्यावे, टाळ्या घ्याव्यात आणि आभार मानावेत. शाळांनी या खेळाची ढब उचलली ती बहुतेक पडद्यावरूनच.

महाविद्यालयांत मात्र हा खेळ खेळाडूंच्या हातात गेला आणि तिथे नियमच बदलले. जुन्या पद्धतीत पहिला प्रश्न अ संघाला, दुसरा ब संघाला, असा क्रम ठरलेला असे. अ संघ कच्चा असेल, तर त्याने सोडलेले प्रश्न आयते ब संघाकडे येत, शिवाय त्याच्या हक्काचे प्रश्न वेगळेच. म्हणजे कुणाच्या शेजारी बसलो यावर निकाल! त्यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘इन्फिनिट बाउन्स’. ड संघाने उत्तर दिले, तर पुढचा प्रश्न ई संघापासून सुरू होतो, आणि अर्ध्यावर फेरीची दिशा उलटते. त्यावर ‘पाउन्स’ आला. आपली पाळी येण्याची वाट न पाहता उत्तर लिहून द्यायचे, चुकले तर गुण गमवायचे. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लब क्विझ क्लबसारख्या मंडळींमध्ये हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. इथे आजचा खेळाडू उद्या क्विझमास्टर होतो, त्यामुळे ‘तुमचा प्रश्न फसला’ हे त्याला तोंडावर ऐकावे लागते.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. कॉलेज बाउल ही स्पर्धा 1953 मध्ये रेडिओवर सुरू झाली आणि 1959 मध्ये दूरचित्रवाणीवर गेली. पुढे तिच्या प्रश्नांवर खेळाडूच नाराज झाले. अभ्यासाला भाव नाही, किरकोळ माहितीला आहे, अशी त्यांची तक्रार होती. 1990 च्या दशकात त्यांनी स्वतःच्या स्पर्धा उभारल्या. नॅशनल अॅकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स ही संस्था 1996 मधली. तिथे रुळलेला प्रश्न हा एक छोटा परिच्छेदच असतो. अवघड खूण आधी, सोपी शेवटी. खाशाबा जाधवांवर असा प्रश्न काढायचा, तर सुरुवात ‘हेलसिंकीत कांस्यपदक’ अशी करता येणार नाही, कारण तिथेच सगळे बझर दाबतील. आधी कराडजवळचे गोळेश्वर, मग 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधला सहावा क्रमांक आणि शेवटी 1952. ज्याचे वाचन खोल तो आधी थांबवतो, बाकीच्यांनाही अखेरीस संधी मिळते. अवघड प्रश्नांनी नवखी मुले हिरमुसतात, या आक्षेपाला इतके चोख उत्तर मला दुसरे दिसत नाही.

लेखी परीक्षेत तर प्रश्न तपासायचे गणितच उपलब्ध आहे. एकूण गुणांनुसार वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के विद्यार्थी घ्यायचे आणि एकेक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते पाहायचे. हे 27 टक्क्यांचे प्रमाण ट्रुमन केली यांनी 1939 मध्ये सुचवले. समजा 100 मुले बसली. वरच्या 27 पैकी 9 जणांचे उत्तर बरोबर आले आणि खालच्या 27 पैकी 15 जणांचे. हुशार मुले चुकली आणि बाकीची जिंकली, असे झाले की बहुधा उत्तरतालिकेत चूक असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. हे काढायला कागद-पेन्सिल पुरते, तरी शाळाशाळांतल्या स्पर्धांत ते क्वचितच होते.

आता नेहमीचा आक्षेप: हरकतींना दार उघडले तर खेळाचा बाजार होईल, हरलेला प्रत्येक जण भांडेल. भीती खरी आहे, पण इलाज आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, ठरावीक मुदतीत हरकती मागवतो आणि तज्ज्ञांकडून तपासून अंतिम तालिका काढतो. पुण्यातली राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेतही अंतरिम आणि अंतिम अशा दोन उत्तरसूच्या काढते. लाखो उमेदवारांच्या परीक्षेत जे जमते, ते सहा संघांच्या व्यासपीठावर न जमण्यासारखे काय आहे? त्या क्षणी क्विझमास्टरचा शब्द चालावा, त्याबद्दल माझे दुमत नाही. हरकत फेरी संपल्यावर, लेखी आणि पुराव्यासह घ्यावी. पुस्तकाचे नाव आणि पान लिहावे लागले की निम्मी भांडणे आपोआप मिटतात.

खरी अडचण त्यापुढची आहे: प्रश्न सदोष ठरला तर करायचे काय? शिष्यवृत्तीच्या एका पेपरला 75 प्रश्न, 150 गुण, आणि पात्रतेसाठी निदान 40 टक्के. समजा दोन प्रश्न बाद झाले. त्यांचे गुण सर्वांना दिले, तर उरलेल्यांपैकी 28 उत्तरे बरोबर असली तरी मूल पात्र ठरते. तेच प्रश्न एकूण गुणांतूनच काढले, तर 146 चे 40 टक्के म्हणजे 58.4, आणि 30 उत्तरे लागतात. गुणवत्ता यादीतला क्रम दोन्हीकडे सारखाच, काठावरच्या मुलाचे नशीब मात्र वेगळे. माझा कौल गुण देण्याला आहे, कारण चूक मुलाची नव्हती. पण ज्याने त्या दोन प्रश्नांवर चार मिनिटे घालवली आणि शेवटची गणिते सोडली, त्याची भरपाई कोणतीच उत्तरसूची करू शकत नाही. म्हणून प्रश्न छापण्याआधी दोन-तीन परक्या माणसांकडून सोडवून घ्यावेत, आणि त्या माणसांना उत्तरतालिका दाखवू नये.