गावच्या सबस्टेशनला सूर्य जोडताना

भिलाईहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की दुर्ग मागे पडतं, मग राजनांदगाव, डोंगरगड, आणि थोड्याच वेळात गोंदिया. भिलाई-दुर्गमध्ये स्थायिक झालेल्या विदर्भातल्या कुटुंबांच्या ओळखीचा हा रस्ता. दिवाळीला, लग्नाकार्याला, उन्हाळ्याच्या सुटीत याच मार्गानं गावी जाणं होतं. खिडकीतून धानाची खाचरं दिसतात, तळी दिसतात, आणि अधूनमधून तारेच्या कुंपणात उभं असलेलं एक छोटंसं सबस्टेशन. खडी पसरलेलं अंगण, दोन-चार लोखंडी सांगाडे, एक घरघरणारा ट्रान्सफॉर्मर आणि बाजूला ऑपरेटरची एक खोली. मुलांचं लक्षही तिकडे जात नाही. पण आपल्या देशात सूर्याची वीज किती दूर पोचणार, हे येत्या काळात बरंचसं याच कुंपणाआड ठरणार आहे.

भिलाई ही तशी कोळशाच्या विजेवर वाढलेली नगरी. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत पेटली. कोरब्याकडची औष्णिक वीज या परिसरातून मोठ्या वाहिन्यांनी पुढे महाराष्ट्राकडे जाऊ लागली. अशा कोळशाच्या मुलखात, शेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यात 24 फेब्रुवारी 2024 रोजी 100 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं लोकार्पण झालं. त्याचं वेगळेपण असं, की त्याला 40 मेगावॉटची बॅटरी जोडलेली आहे. ही बॅटरी एकदा भरली, की 1 लाख 20 हजार युनिट साठवते. म्हणजे सूर्य मावळल्यावरही जवळपास तीन तास 40 मेगावॉट वीज देता येते. वर्षाला सुमारे 24 कोटी युनिट निर्मितीचा अंदाज या प्रकल्पासाठी बांधलेला आहे.

मोठा प्रकल्प असा मोठ्या वाहिनीला जोडता येतो. पण गावाशेजारच्या दहा-बारा एकरांवरच्या छोट्या सौर प्रकल्पाचं काय? त्याची वीज जाणार कुठून? तर गावच्याच सबस्टेशनमधून. आणि खरी अडचण तिथेच आहे.

एकेरी रस्ता

सबस्टेशन म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. दूरच्या केंद्रातून येणारी वीज खूप उच्च दाबाची असते, कारण दाब जास्त ठेवला तर वाटेत गळती कमी होते. ग्रामीण सबस्टेशनला ती बहुतेक ठिकाणी 33 हजार व्होल्टनं पोचते. तिथला पॉवर ट्रान्सफॉर्मर हा दाब 11 हजार व्होल्टवर आणतो. मग एकेका दिशेनं फीडर निघतात: एक गावठाणाचा, एक-दोन शेतीचे, कधी एखाद्या छोट्या उद्योगाचा. हे फीडर गल्लीतल्या किंवा बांधावरच्या डीपीपर्यंत जातात. डीपी 11 हजार व्होल्टचे 415 आणि 230 व्होल्ट करते, आणि मग आपला पंखा फिरतो, विहिरीवरची मोटर चालते.

ही सगळी रचना वरून खाली वाहणाऱ्या पाटासारखी आहे. धरण वर, शेत खाली. सबस्टेशनमधली सुरक्षा यंत्रणा, मीटर, दाब सांभाळणारी व्यवस्था, सगळं याच समजुतीवर बसवलेलं आहे. आता कल्पना करा, की पाटाच्या शेवटच्या टोकाला कुणी एक मोठी विहीर खणली आणि तिचं पाणी पाटात सोडलं. शेतं तहानलेली असतील तर उत्तमच. पण पाऊस पडून गेलेला असेल, कुणाला पाणी नको असेल, तर ते पाणी उलटं वर चढू पाहणार.

विजेचंही तसंच होतं. समजा, एका सबस्टेशनजवळ 3 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. रब्बीच्या दिवसांत दुपारी शेकडो मोटरी चालू असतात, तेव्हा ती वीज जागच्या जागी खपते. पाच एचपीची मोटर साधारण पावणेचार किलोवॉट घेते. या हिशेबानं कडक उन्हात 3 मेगावॉटवर अशा सातशे-आठशे मोटरी चालू शकतात. पण ऑक्टोबरात पाऊस उघडलाय, ऊन लख्ख आहे, आणि जमिनीत ओल असल्यानं मोटरी बंद आहेत, तर? उरलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी 33 हजारांच्या लाइनवर चढते. ट्रान्सफॉर्मरला दिशेचं वावडं नसतं. पण त्याच्याभोवतीच्या यंत्रणेला असतं. फीडरवर दाब वाढतो. एकाच दिशेचा प्रवाह ओळखणारा रिले गोंधळू शकतो. जुन्या मीटरला उलट्या विजेचा हिशेब जमत नाही.

म्हणून सुधारणा करावी लागते. पाच एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल तिथे दुसरा बसवायचा किंवा मोठा आणायचा. सौर प्रकल्पाच्या लाइनसाठी नवा ब्रेकर आणि त्याची वेगळी जागा करायची. दोन्ही दिशांची वीज मोजणारे मीटर लावायचे. दोन्ही दिशा समजणारे रिले बसवायचे. दाब सावरायला कपॅसिटर बँक उभारायची. अर्थिंग नीट करायचं. यातलं एकही काम बातमीत झळकणारं नाही, पण यापैकी एक राहिलं तर शेजारी उभ्या असलेल्या पॅनेलची वीज वाया जाते.

रात्रीचं पाणी

एवढा खटाटोप कशासाठी, हे शेतकऱ्याच्या घरात विचारायची गरज नाही. महाराष्ट्रात शेतीची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं पाळीनं मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली, की बॅटरी घेऊन बांधावर जायचं. पायाखाली साप, विंचू. जुन्नर-नाशिकच्या उसात बिबट्या. चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे जंगलाला लागून शेत असेल तर वाघाचीही धास्ती. घरातला माणूस परत येईपर्यंत घरच्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आणि एवढं करून वीज मध्येच गेली, तर बारं अर्धवट राहतं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच फेरी.

सूर्य दिवसाच असतो. म्हणून सौर वीज आणि शेतीचं पाणी यांची वेळ आपसूक जुळते. कारखान्याला रात्रीही वीज लागते, घरात दिवे संध्याकाळी लागतात, पण विहिरीवरच्या मोटरीला दुपारची वीज चालते, नव्हे तीच हवी असते.

हाच विचार धरून महाराष्ट्रानं 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. सुरुवातीला निवडलेल्या गावांमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं. 2023 मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिची कल्पना सोपी आहे: गावच्या सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच सबस्टेशनमधून त्याच शिवारातल्या शेती फीडरला द्यायची. शेतकऱ्यानं पॅनेल घ्यायचं नाही, पंप बदलायचा नाही. मोटर तीच, वायर तीच, फक्त वीज दिवसा.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव हे या दुसऱ्या टप्प्यातलं पहिलं गाव. तिथला 3 मेगावॉटचा प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला वाशीमच्या कार्यक्रमात धोंदलगावसह पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं. बाकीचे चार नांदेड, कोल्हापूर, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतले. पाच मिळून क्षमता फक्त 19 मेगावॉट. राज्यात साधारण 45 लाख कृषिपंप आहेत हे लक्षात घेतलं, तर ही केवळ सुरुवात होती.

या योजनेतले तीन आकडे गावकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. खासगी जमीन प्रकल्पाला भाड्यानं दिली, तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. प्रकल्प झाला त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल 5 लाख रुपये. आणि ज्या सबस्टेशनला प्रकल्प जोडायचा, त्याच्या सुधारणेसाठी 25 लाख रुपये. या तिसऱ्या आकड्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, पण बाकीचे दोन आकडे खरे ठरायचे तर तिसरं काम आधी व्हावं लागतं.

दोन राज्यं, दोन वाटा

छत्तीसगडनं वेगळी वाट आधी धरली. 1 नोव्हेंबर 2016 रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, तिथे सौर सुजला योजना सुरू झाली. यात शेतकऱ्याच्या बांधावरच सवलतीच्या दरात सौर पंप बसतो. वीजवाहिनी पोचलीच नाही अशा बस्तर-सरगुज्याच्या जंगलपट्ट्यात हे वरदानच. तिथे फीडरची वाट पाहत बसलं, तर पिढी निघून जाईल.

पण सुट्या पंपाची एक मर्यादा आहे. पिकाला पाणी द्यायचे दिवस वर्षातून मोजके. बाकीचे दिवस पॅनेल ऊन खात नुसतं उभं. तीच पॅनेलं सबस्टेशनला जोडलेली असती, तर शेताला नको असलेली वीज दुसऱ्या गावाला, पिठाच्या गिरणीला, शाळेला, नाहीतर थेट भिलाईसारख्या औद्योगिक गावाला गेली असती. जिथे लाइन नाही तिथे सुटा पंप आणि जिथे लाइन आहे तिथे सबस्टेशनला जोडलेला प्रकल्प, असं वाटून घेणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. मात्र दुसरा मार्ग निवडला, तर सबस्टेशन उलटी वीज पेलणारं हवं, ही अट टळत नाही.

दाबाच्या बाबतीत गावाला आणखी एक फायदा होतो. लांबलचक फीडरच्या शेवटी व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं, की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. मग मोटर उपसायची, तालुक्याला न्यायची, रिवाइंडिंगचे पैसे मोजायचे आणि चार दिवस पीक तहानलेलं ठेवायचं. वीज जवळच तयार झाली आणि सबस्टेशनही सुधारलं, तर हे रडगाणं कमी होतं.

जे सोपं नाही

अडचणीही सांगायला हव्यात. पहिली जमिनीची. एका मेगावॉटला साधारण चार एकर लागतात. पडीक जमीन मिळाली तर प्रश्न नाही, पण सरकारी म्हणजे बऱ्याचदा गायरान. कागदावर ते मोकळं असतं, प्रत्यक्षात तिथे कुणाच्या शेळ्या चरतात, कुणी वर्षानुवर्षं कसतंय. काही गावांत यावरून विरोध झाला आहे. ग्रामसभेत बोलणी आधी झाली, तर हे टळू शकतं.

दुसरी अडचण लाइनची. लाइट गेली, की सौर प्रकल्पही बंद पडतो. हा दोष नाही, तशी रचनाच असते. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला मृत समजलेल्या तारेचा धक्का बसेल. म्हणून फीडर वारंवार ट्रिप होत असेल, तर लख्ख उन्हातही पॅनेल गप्प राहतात. झाडांच्या फांद्या, सैल तारा, जुने इन्सुलेटर यांची देखभाल तितकीच महत्त्वाची.

तिसरी अडचण ढगांची आणि संध्याकाळची. त्यावर राजनांदगावसारखी बॅटरी हा उपाय. चौथी जरा नाजूक: दिवसा भरवशाची वीज मिळाली, की पाण्याचा उपसा वाढू शकतो. वीज सूर्याची असली, तरी पाणी भूगर्भातलंच. ठिबक आणि पीकनिवड याचा विचार सोबतच व्हायला हवा.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा

सुटीत गावी गेलात, तर मुलांना एकदा सबस्टेशनच्या कुंपणापर्यंत घेऊन जा. आत शिरायचं नाही, तारेला हात लावायचा नाही. बाहेरूनच दाखवा: हा 33 हजारांचा, हा 11 हजारांचा, हा आपल्या शेताचा फीडर. ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा विषय निघाला, तर चार प्रश्न विचारता येतील. आपल्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर किती एमव्हीएचा आहे? त्यावर आणखी किती सौर वीज बसेल? सुधारणेचं काम प्रकल्पाआधी होणार की नंतर? आणि ग्रामपंचायतीला मिळणारे पैसे कशावर खर्च होणार?

प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं मिळाली, तर एखाद्या घरात फरक पडेल. रात्री दहाला बॅटरी शोधत चपला घालणारा माणूस त्या दिवशी घरीच असेल. पाणी दुपारीच देऊन झालेलं असेल, आणि सगळे एकत्र जेवायला बसलेले असतील.