भाग २३ : अपडेट चालू असताना लाइट गेली तर?

आजचा विषय मी स्वतःची फजिती करून शिकलोय, त्यामुळे आधी ती फजितीच सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका दूध संकलन केंद्राच्या हिशेबाचा उबुंटू सर्व्हर मी सांभाळायचो. सुट्टीला गावी आलो होतो. रात्री दहाला म्हटलं, निवांत आहे, अपडेट उरकून टाकू. एसएसएचने आत गेलो, आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. पहिली कमांड काहीच बसवत नाही बरं का, ती फक्त पॅकेजांची ताजी यादी आणते. खरं काम दुसरी करते. ती निम्म्यावर आली आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर बंद. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत आत शिरलो, तर पोस्टग्रेस डेटाबेस बंद पडलेला. सकाळी साडेपाचला केंद्रावर दुधाची रांग लागणार होती.

झालं काय होतं? आपण टर्मिनलमध्ये चालवलेली कमांड त्या एसएसएच सेशनला बांधलेली असते. सेशन तुटलं की तिला हँगअपचा सिग्नल जातो आणि ती बहुतेक वेळा तिथंच थांबते. पॅकेज बसतं दोन टप्प्यांत: आधी फाईली उलगडतात, मग ते कॉन्फिगर होतं. डेटाबेससारखी सर्व्हिस मधे बंद केली जाते आणि शेवटी परत सुरू होते. माझी गाडी नेमकी त्या मधल्या जागी अडकली होती.

अशा वेळी इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो, लॉक फाईल उडवा. कृपा करून उडवू नका! आधी 'पीएस' कमांडने बघा, जुनं ॲप्ट किंवा डीपॅकेज अजून चालू आहे का. चालू असेल आणि काम करत असेल, तर ते संपू द्या. माझ्याकडे काहीच चालू नव्हतं. मग 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' दिलं. अर्धवट राहिलेली पॅकेजं एकेक करून पूर्ण झाली, पोस्टग्रेस उठलं. घड्याळात पावणेबारा.

हे सगळं टळलं असतं एका ओळीत: 'टीमक्स न्यू डॅश एस अपडेट'. टीमक्स सर्व्हरवरच एक सेशन उघडतं. तुमचं नेट गेलं तरी आतलं काम चालू राहतं. परत आल्यावर 'टीमक्स अटॅच डॅश टी अपडेट', की तीच स्क्रीन समोर. आता टीमक्स उघडल्याशिवाय मी अपग्रेडला हातच लावत नाही. (आणि आधी स्नॅपशॉट. ते तुम्हाला माहीतच आहे.)

अजून एक जागा घसरायची. मधेच प्रश्न येतो, की तुम्ही बदललेली सेटिंगची फाईल ठेवायची की पॅकेजसोबत आलेली नवी घ्यायची? घाईत नवी घेऊ नका. ती एसएसएचचीच फाईल असेल आणि तुम्ही पोर्ट २२ बदलून दुसरा ठेवला असेल, तर नव्या फाईलमध्ये परत २२ येईल, फायरवॉल तो अडवेल आणि तुम्ही बाहेर. आधी दोन्हींतला फरक दाखवणारा पर्याय निवडा. शंका असेल तर जुनी ठेवा. शेवटी चालू खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. एसएसएच रीस्टार्ट झालं तरी आधीचं सेशन सहसा तुटत नाही, त्यामुळे चूक दिसली तर दुरुस्तीला तुम्ही अजून आत असता.

त्या रात्री सर्व्हर रीबूटही मागत होता. 'व्हार रन' मध्ये 'रीबूट रिक्वायर्ड' नावाची फाईल दिसली की समजायचं. पण तेव्हा माझी हिंमत झाली नाही. सकाळचं संकलन संपलं, केंद्रावरच्या दादांचा "सगळ्या पावत्या निघाल्या" असा फोन आला आणि मग दुपारी, लाइट आहे हे बघून, रीबूट केलं.